हाकेला न वळणारी सई

तुम्हाला सांगते, आमची सई दीड वर्षाची झाली तरी हाकेला वळेना, तेव्हा माझी झोपच उडाली होती. कान तपासायला जुन्नरला न्यायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी टीव्हीवर त्यांच्या तरुणपणची विनोदी मालिका लावली. प्रत्येक विनोदावर मागून हसण्याचा आवाज येतो ना, तसली. सगळे विनोद त्यांना पाठ, तरी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

सई कोपऱ्यात, टीव्हीकडं आणि आमच्याकडंही पाठ करून डबे वाजवत होती. टीव्हीत हशा झाला की तीही खदखदून हसायची. हशा थांबला की पुन्हा डबे.

मी ओरडलेच, "आई, हिला ऐकू येतंय!"

"येणारच की."

"मग माझ्या हाकेला का वळत नाय?"

"तू हाक मारतीस ती नाक पुसायला, न्हाईतर भात भरवायला. कशाला वळंल ती?"