आवाजाची फाइल

ताई (फोनवर) : पुन्हा तेच आलं बघ. लाल फुली, आणि खाली 'आवाजाची फाइल सापडत नाही'.

धाकटा : बंद करून परत चालू केलास?

ताई : सकाळपासून दुसरं काय करतेय मी? हा कॉम्प्युटरचा डबा सुरू होईपर्यंत आईची आंघोळ आटोपते.

धाकटा : म्हणून तर मी टॅबलेट पाठवला होता, ताई. कपाटात पडलाय ना तो?

ताई : तिचं एकच बोट चालतं, तेही थरथरतं. काचेवर एक अक्षर दाबायला गेली की चार उमटतात. जन्मभर ऑफिसात टायपिंग केलेली बाई ती, बटण दबल्याचं बोटाला कळलं तरच तिला लिहिल्यासारखं वाटतं. हे सगळं तू पाठवायच्या आधीच सांगितलं होतं.

धाकटा : बरं, चिडू नकोस.

ताई : चिडू नको तर काय करू? वाचा गेल्यावर निदान एवढं तरी होतं, ती टाइप करायची आणि हे यंत्र बोलायचं. आता ती नुसतेच हातवारे करते आणि मी अंदाज बांधत बसते. पाणी हवंय? उशी? पंखा लावू? काल वैतागून तिनं पेला भिरकावला माझ्या अंगावर.

धाकटा : आई आहे तिथे? स्पीकरवर टाक ना, मी बोलतो.

ताई : शेजारीच बसलीय, चाकाच्या खुर्चीत. स्पीकरवर नाही टाकणार. तुझी कारणं मी ऐकते तेवढी पुरेत.

धाकटा : टोमणे नंतर मार. स्क्रीनवर कचऱ्याची टोपली दिसतेय? ती उघड.

ताई : थांब, माउस अडकतोय... हां, उघडली. केवढं काय काय आहे हिच्यात!

धाकटा : 'व्हॉइस' लिहिलेलं काही दिसतं?

ताई : 'व्हॉइस पॅक' आहे. पुढे रविवारची तारीख. अरे, पण रविवारी मी याला हातसुद्धा लावला नव्हता. रविवारी तू तिकडून इंटरनेटवरून जोडून घेऊन साफसफाई करत होतास!

धाकटा : ते फोल्डर जुनंपुराणं होतं गं. मशीन रखडतंय अशी तक्रार तूच केली होतीस.

ताई : म्हणून तिचा आवाज कचऱ्यात टाकलास?

धाकटा : मला काय माहीत, ती तोच वापरते!

ताई : तेच म्हणतेय मी. तुला काय माहीत.

धाकटा : ...त्याच्यावर राइट क्लिक कर. 'रिस्टोअर' म्हण.

ताई : एका शब्दानं विचारायचं होतंस. पण नाही, लांबून हात फिरवायचा आणि मोकळं व्हायचं. बाबांच्या वेळीही तेच. तू तिकडून डॉक्टर सुचवत राहिलास, आणि इकडे त्यांना उचलून बाथरूमला मी नेत होते.

धाकटा : आईसमोर बोलतेस हे?

ताई : मग कुठे जाऊन बोलू? तिला एकटीला सोडून आतल्या खोलीतसुद्धा जाता येत नाही मला.

धाकटा : नोकरी सोडून यायला हवं होतं का मी?

ताई : मी सोडलीच की. मला कुणी विचारलं होतं?

धाकटा : ...झालं का रिस्टोअर?

ताई : सरकतेय पट्टी, गोगलगाईसारखी. ...झालं वाटतं.

धाकटा : आता तिचा तो प्रोग्रॅम उघड.

ताई : उघडला. फुली नाही आली. आई, हे बघ, चालू झालं! लिही, सावकाश लिही.

धाकटा : बघ! उगाच डोकं पिकवलंस माझं. चल, निघतो, मीटिंगला सगळे खोळंबलेत.

ताई : अरे थांब, तुझ्यासाठीच लिहितेय ती. फोनकडे बोट केलं आधी.

धाकटा : किती वेळ लागेल?

ताई : एका बोटानं लागेल तेवढा.

धाकटा : नंतर करतो गं फोन. तिला सांग, काळजी घे म्हणावं.

ताई : एक मिनिट रे, फक्त एक...

(फोन कट होतो. ताई तो कानालाच धरून ठेवते. बऱ्याच वेळानं संगणक एकसुरी आवाजात बोलतो.)

आई : बाळा. इकडे ये. राहायला ये. ताई फार थकली. मी रोज बघते.

(ताई फोन कानावरून काढून मांडीवर ठेवते.)

आई : ऐकलं त्याने?

ताई : ऐकलं, आई. येतो म्हणाला.