उघडा डबा

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी नणंद-भावजय नंबरची वाट बघत होत्या.

"वहिनी, रागावू नका, पण काल तुमच्या चहाला कसलातरी वास येत होता."

"पत्तीचा डबा कपड्यांच्या कपाटात ठेवलाय."

"अहो, पत्ती शेजारचा वास लगेच ओढून घेते!"

"तुमचे दादा हेच सांगायचे. पाणी उतरवून पत्ती टाकली, की आधी डब्याचं झाकण लावायचे, मग पातेल्यावरचं."

"मग असं कसं केलंत?"

"म्हणून तर केलं, वन्सं. ते गेल्यावर त्यांच्या शर्टांमध्येच ठेवला, झाकण काढून."

"म्हणजे कालचा वास... दादाचा?"

"साबणाचा. माणसं भेटायला येतील, घर आवरलेलं दिसावं म्हणून शर्ट मीच आधी धुऊन टाकले होते. एकूण एक."