फ्लॅशच्या आधी

— नाही, ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, तू स्टुलावर बस — हां, आणि ते टेबल बघतोयस ना, त्याच्यावरच काढला तो किरण, सिनेमातल्या बंदुकीतून निघून माणसाला मारणारा, फोनवर ज्याचं विचारत होतास तो. खालून दिवा, वर काच, काचेवर कागद. झालं. तुला काहीतरी मोठं यंत्र वाटलं असेल, सगळ्यांना तसंच वाटतं. अरे क्रेग, आमचं सगळं ह्या गॅरेजातच झालं, गाडी बिचारी कायम बाहेर उन्हात. मी आणि डेल्मर — माझा नवरा. मी किरण काढायचे आणि तो मरायचा. असंच सांगायचो आम्ही कुठे जेवायला गेलो की, आणि लोक हसायचे, पण वाटणी खरंच तशी होती. तो स्टंटवाला. हेल्मेट घालून मरणारा. चेहरा कधी दिसला नाही त्याचा पडद्यावर, पण सिनेमावाल्यांच्या ह्या व्हॅलीत त्याच्याइतका मेलेला माणूस तुला सापडायचा नाही.

तुमचे कॉम्प्युटरवरचे किरण चिकटवल्यासारखे दिसतात म्हणतोस. दिसणारच. मी बघितलेत ना. तुम्ही लाल किरण लालच रंगवता, आतपर्यंत. अरे, डोळ्यांना सोसवत नाही इतका उजेड असला की मधे रंग राहतो कुठे? मधे पांढरा, नुसता पांढरा, आणि रंग फक्त कडेला, तोही पसरलेला, ओल्या कागदावर शाई पसरते तसा. आणि रेघ पट्टीने मारायची नाही. मी दर फ्रेमला हाताने काढायचे, एकात जाड, एकात बारीक, मग तो थरथरतो, जिवंत वाटतो. आणि लागल्यावर एक फ्रेम सगळं पांढरं, आणि त्याच्यानंतर थोडा अंधार, कारण बघणाऱ्याचे डोळे दिपलेले असतात — लिहून घेतोयस? घे. पण त्याचा तुला फारसा उपयोग नाही. डेल्मर म्हणायचा, नोरीन, तू किती का सुंदर काढेनास, किरण खरा की खोटा ते ज्याला लागतो त्याच्यावर ठरतं.

आणि तिथेच त्याचं प्रत्येकाशी भांडण. सगळ्या दिग्दर्शकांना माणूस मागे उडालेला हवा असायचा — कमरेला दोरी, मागून चार जण ओढतात, आणि हा भिंतीवर. डेल्मर म्हणायचा, का? गोळीला वजन असतं, ती ढकलेल. उजेडाला वजन कुठाय? उजेड कुणाला ढकलत नाही. तो आत शिरतो आणि आतलं बटण बंद करतो. माणूस जिथे आहे तिथेच खाली आला पाहिजे, पळतोय तर पळता पळता, हात पुढे करायचंही सुचता कामा नये. अंगणात करून दाखवायचा मला. गवतावर. शेजारची बाई एकदा पोलिसांना फोन लावायला निघाली होती. पण ते जमायचं नाही त्याला, सांगते ना, त्याचं त्यालाच पटायचं नाही. म्हणायचा, शरीर ऐकत नाही, जमीन जवळ आली की हात पुढे जातोच. माणसाला पडायचं असतं, पण लागू द्यायचं नसतं.

मग तो सिनेमा. तू ज्याच्यासाठी आलास तो. इथेच, सन व्हॅलीच्या खडीच्या खाणीत शूटिंग, पैसा नाही, कपडे दुसऱ्या कुठल्या तरी सिनेमाचे उरलेले. दिग्दर्शक स्टॅन्टन म्हणून होता, भला माणूस, डेल्मरची ती बडबड ऐकून ऐकून कंटाळला होता. म्हणाला, बरं बाबा, एकदा तुझ्या पद्धतीने. एकदाच. मीही गेले होते त्या दिवशी, कारण फ्लॅश कुठे लावायचा ते मला बघायचं असायचं — किरण नंतर काढायचा, पण त्याचा उजेड छातीवर तिथल्या तिथे पडायला हवा ना, म्हणून बाजूला एक मोठा फ्लॅश लावतात आणि माणूस पडायच्या क्षणी उडवतात. तर हा उतारावरून धावत आला, आणि पडला. आणि असा पडला की — ज्याने फ्लॅश उडवला तो बटणावर बोट ठेवून तसाच उभा. मग टाळ्या. स्टॅन्टन म्हणाला, दुसरा टेक नाही, याच्यापेक्षा चांगला देवही देणार नाही. डेल्मर उठला, हेल्मेट काढलं, तोंडात खडी गेलेली, थुंकत थुंकत हसला. पण माझ्याकडे आला तेव्हा मला म्हणाला, पाय अडकला गं, कशात कोण जाणे. मी म्हटलं, गप बस, कुणाला सांगू नकोस.

फिल्म आली माझ्याकडे. ह्या काचेवर एकेक फ्रेम. आणि बघते तर काय, हा फ्लॅशच्या आधीच पडतोय. थोडंसंच, पडद्यावर तुला कळणार नाही, पण मला कळतं. डावं पाऊल पुढे येतं आणि बोटं वर उचललीच जात नाहीत, लोंबतात, मग गुडघा जातो, मग तो सगळा — आणि हात तसेच. हात पुढे येतच नाहीत. आणि फ्लॅश नंतर. मी काय केलं, किरण अलीकडे ओढला. आणि त्या मधल्या फ्रेम्समधे छातीवर उजेड नव्हता, तो हाताने काढला. तू फोनवर म्हणालास ना, छातीवरचा तो उजेड कसा केला, इतका मऊ, तसा आम्हाला येत नाही? तो असा केला. तो उजेड तिथे नव्हताच.

संध्याकाळी जेवताना मी त्याला म्हटलं, तू लाइटच्या आधी पडलास. म्हणाला, म्हातारा झालो, टायमिंग गेलं. आणि आम्ही मॅकरोनी खाल्ली. पुढे पायरीला पाय अडायला लागला, मग बरणीचं झाकण उघडेना, मग शर्टाची बटणं. नसांचा आजार, मेंदूचे निरोप स्नायूंपर्यंत जायचे बंद होतात, एकेक करून, आणि त्याच्यावर तेव्हाही काही नव्हतं नि आजही नाही. डॉक्टरांनी विचारलं, पहिल्यांदा कधी लक्षात आलं? बाकीच्या बायका सांगत असतील, साधारण उन्हाळ्यात, साधारण ईस्टरच्या सुमाराला. मला फ्रेम माहीत होती. मी सांगितलं त्यांना, माझ्याकडे फिल्म आहे, दाखवू का. ते म्हणाले, त्याने काही फरक पडणार नाही, मॅडम. खरंच होतं त्यांचं.

थिएटरला नेला मी त्याला. व्हॅन नाइसला, चाकाच्या खुर्चीतून. तो सीन आला आणि सगळं थिएटर एकदम आत श्वास घेतं ना, तसं झालं. पुढच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, बाप रे, मेला तो खरंच. आणि डेल्मर इतका हसला की त्याला ठसका लागला, थांबेचना, मला त्याला बाहेर आणावं लागलं. बाहेर लॉबीत मला म्हणाला, जीभ तेव्हाच जड झाली होती — म्हणाला, बघ, माझंच बरोबर होतं.

नाही, आहे तो. तुला वाटलं गेला? भिंतीपलीकडच्या खोलीत आहे. ती फुसफुस येतेय ना, ते श्वासाचं यंत्र. आठ वर्षं झाली. डोळ्यांनी बोलतो. मी अक्षरं म्हणत जाते आणि पाहिजे ते आलं की पापणी मिटतो. आता पापणीही मंदावली, कधी मिटतो म्हणून मिटतो, कधी नुसतीच मिटते, मला ओळखू येत नाही. तेच त्याला नको होतं. म्हणाला, सांगता येतंय तोवर सांगतो. तीनदा विचारलं मी. डॉक्टरांसमोर एकदा विचारलं, वकिलासमोर एकदा. तिन्ही वेळा तेच. भांडलेही मी, पण ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्याशी भांडणार तरी किती?

नाही, आज नको भेटूस. आज ते यंत्र काढणार आहेत.

अरे, तू कशाला उठतोस, बस. तुला काय माहीत होतं. तू शुक्रवारी दुपारी येऊ का म्हणालास, मी हो म्हटलं. मुद्दामच म्हटलं. सगळ्यांना आज नको सांगितलं मी — चर्चमधल्या बायका, शेजारची, सगळ्या. त्या आल्या की हात धरून बसतात. मला दुसरंच बोलायचं होतं, शाई, कागद, किरणाची कड कशी पसरायची, आणि तेच बोलत होते ना मी, कुठून इकडे आले कोण जाणे. ते औषध देतात म्हणे आधी, झोपेचं, मग त्याला कळत नाही. नर्स म्हणते, शांत असतं, दिवा मालवल्यासारखं. मी इतकी वर्षं काचेवर वाकून तेच काढत आले, एकेक फ्रेम, आणि मला ठाऊक आहे की मधे कितीतरी फ्रेम्स असतात. आणि ह्या वेळी मला आधीही ओढता येणार नाही नि नंतरही ढकलता येणार नाही, हात मांडीवर ठेवून बघत बसायचं. तुमच्या कॉम्प्युटरमधे ते —

गाडी थांबली. मारिसेलच असेल, नर्स. डॉक्टर मागून येतात म्हणाली होती.

कप राहू दे, मी उचलते. ते कागद हवेत तर घेऊन जा, मला नकोत, सगळा गठ्ठा ने. आणि पुढच्या दाराने नको, ह्या मागच्या फाटकाने जा. फाटक हळू लाव, क्रेग. त्याला ऐकू सगळं येतं.