डाव्या खुरावरची रेघ

जबाब
दि. १२/११/२०२५, वार बुधवार, वेळ सकाळी १०.१०

नाव कारभारी सखाराम ओतारी, वय ४९ वर्षे, शिक्षण सातवी, धंदा ओतकाम (देवाच्या मूर्ती व टाक), रा. मौजे कोळगव्हाण, ता. राहाता, जि. अहिल्यानगर.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन ठाण्यात आलो आहे व ठाणे अंमलदारांसमोर बसून सांगतो ते असे की,

गुरुवार दि. ६ रोजी सकाळी सहा वाजता मी अंघोळ केली, देवपूजा केली आणि वडिलांचा घोड्याचा साचा फडताळातून खाली काढला. हा साचा आमच्या घरात फक्त रविवारी, उपास धरून काढतात. त्या दिवशी गुरुवार होता आणि मी चहा घेतलेला होता.

साचा पितळेचा, दोन फाळक्यांचा आहे. त्यात मेण ओतून खंडोबाचा घोडा काढतात, मेणावरून मग पितळेचा होतो. लोक तो देव्हाऱ्यात ठेवतात. साचा कोरताना वडिलांची छिन्नी सटकली होती. त्यामुळे त्यातून निघणाऱ्या प्रत्येक घोड्याच्या पुढच्या डाव्या खुरावर एक आडवी रेघ उठते. आसपासच्या पाच-सहा गावांत ती रेघ पाहून घोडा आमच्याकडचा हे ओळखतात.

महेंद्र दगडू पगारे हे आमच्याच गावचे, माझ्या वयाचे, माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतात. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. त्यांनी ‘तांब्याची बखर’ नावाची कादंबरी लिहिली आहे. तिच्यात इतिहास वेगळा घडतो. नगरच्या किल्ल्यातला एक तांबट अंघोळीच्या बंबाचे झाकण उडताना पाहतो आणि त्यावरून वाफेचे यंत्र करतो. मग इथल्या फौजेत वाफेच्या तोफा, पोलादी हत्ती आणि पोटात शेगडी असलेले घोडे येतात. हे खरे घडलेले नाही, असे पुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापले आहे. तो तांबट आपल्याला माझ्या वडिलांच्या भट्टीपाशी बसून सुचला, असे महेंद्र सांगत.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी या कादंबरीचा पटावरचा युद्धखेळ करायला घेतला. चार बाय सहा फुटांचा प्लायचा पट, त्यावर भुसा व डिंकाच्या टेकड्या, किल्ला आणि नदीचा उतार. मोहरे दोन-तीन बोटे उंच. अंतर टेपने मोजायचे, मार लागला की नाही ते फाशाने ठरवायचे. मोहरे ओतायचे काम मी घेतले. पुस्तकातली गोष्ट खेळात कशी बसवायची यावर आमचे बोलणे होई. पुस्तकात भागिरथी नावाची सरदारीण नदी उतरताना मरते. मी विचारले, “पुस्तकात मरती, मग हितं कशी वाचंल?”

“पुस्तकात मी मारली. हितं जो चाल करंल त्यानं बघायचं.”

“म्हंजे तू सुटला.”

“सुटतोय कुठला. नियम माझंच हायेत की.”

एकदा त्यांनी विचारले, “कारभारी, बंब किती वाफ सोसतो रे?” मी सांगितले, “झाकान घट्ट आसंल तर सोसतो. सोसतो, सोसतो, आन् मग सोसत न्हाई.” त्यांनी ते वहीत लिहून घेतले व त्याचा नियम केला. घोड्याने दर चालीला वाफ सोडायची किंवा साठवायची. साठवली तर पुढची चाल लांब मिळते, पण फासा टाकावा लागतो. फासा उलटा पडला की घोडा फुटतो आणि शेजारचा मोहराही जातो.

रविवार दि. ९ रोजी नगरला एका वाचनालयाच्या सभागृहात हा खेळ पहिल्यांदा लोकांपुढे मांडायचा होता. चोवीस घोडे बाकी होते. त्यांच्यासाठी मी केलेला प्लास्टरचा साचा बुधवारी फुटला. मी महेंद्र यांना फोन केला नाही. केला असता तर ते, घोड्यांवाचून खेळू, असे म्हणाले असते. पट पुरा मांडलेला दिसावा असे मलाच वाटत होते. म्हणून गुरुवारी मी कथील चिकटू नये म्हणून वडिलांच्या साच्याला काजळी धरली व त्यात थेट कथील ओतले. खुरावरची रेघ कानशीने घासता आली असती. मी ती घासली नाही. ती वडिलांच्या हातची आहे.

घोडे गार झाल्यावर मी ते ताटात घेऊन देव्हाऱ्यापुढे मांडले व भंडारा उधळला. चाळीस वर्षांची हाताची सवय आहे. उधळल्यावर लक्षात आले. आमच्यात देवापुढे ठेवून भंडारा लागलेला घोडा देवाचा होतो. तो पुन्हा वितळवत नाहीत, खाली ठेवत नाहीत. तरी मी ते उचलले. मग घोडे ओल्या फडक्याने पुसले, पाठीवर वाफेच्या टाक्या व धुराच्या चिमण्या डाग देऊन बसवल्या, काळा रंग दिला व शुक्रवारी महेंद्र यांच्या घरी पोचवले. ते म्हणाले, “घोडं लई झोकात झालं. कधी कोरलं?” मी “झालं” एवढेच बोललो. त्यांच्या घरात बुद्धमूर्ती आहे, खंडोबा नाही. खुरावरची रेघ किंवा भंडाऱ्याची रीत त्यांना माहीत असण्याचे कारण नाही.

रविवारी मी नगरला गेलो नाही. खेळात बाद झालेले मोहरे ठेवायला त्यांनी बुटांचे रिकामे खोके घेतले होते. त्यात पडलेल्या घोड्यांचा कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला. हाताळून आयाळीचा रंग निघाला होता व खाचेत पिवळे दिसत होते. दुपारनंतर तो फोटो आमच्या गावच्या ग्रुपवर आला. मंदिर समितीचे गहिनीनाथ बोरुडे यांच्या देव्हाऱ्यात आमच्याकडचाच घोडा आहे. त्यांनी रेघ ओळखली.

सोमवार दि. १० रोजी सकाळी साडेआठ वाजता महेंद्र यांच्या दारापुढे चाळीसएक लोक जमले. मीही गेलो. गहिनीनाथ म्हणाले, “काय मास्तर, देवाचं घोडं चपलाच्या खोक्यात?”

महेंद्र म्हणाले, “कुठलं देवाचं? खेळातलं मोहरं हायेत ते.”

“रंग खरवडून बघ की मंग. भंडारा हाय का न्हाई?”

महेंद्र यांनी आतून एक घोडा आणून नखाने खरवडला. नखात पिवळे आले. कोणीतरी मागून म्हणाले, “शिकल्यालं हाय ना, म्हनून आसं.” काही लोक हसले. मग गहिनीनाथ मागे वळून मला म्हणाले, “कारभारी, तुज्या घरातनं नेलं न्हवं यानं हे? तुला इच्चारलं तरी का?”

मी तिसऱ्या रांगेत होतो. महेंद्र यांनी माझ्याकडे पाहिले. त्या वेळी मी काही बोललो नाही. महेंद्र यांनीही माझे नाव घेतले नाही. “मोहरं मी करून घेतलेत, जबाबदारी माझी,” असे ते म्हणाले. त्यानंतर लोक घरात शिरले. पट अंगणात आणून फोडला. खिडकीची काच फुटली. त्यांच्या पत्नी जयमाला आत होत्या. सव्वानऊला पोलिसांची गाडी आली. गोळा केलेले घोडे लोकांनी पुणतांब्याला नेऊन गोदावरीत सोडले. महेंद्र यांनी जाणूनबुजून देवाची विटंबना केली, अशी तक्रार गहिनीनाथ यांनी दिली आहे. महेंद्र यांना आज सकाळी अकरा वाजता हजर राहण्याची नोटीस आहे व शाळेने त्यांना सध्या येऊ नका असे कळवले आहे, हे मला गावातून समजले.

मंगळवार दि. ११ रोजी दुपारी जयमाला वहिनी आमच्या घरी आल्या. उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहिल्या. हातरुमालात बांधलेला एक घोडा त्यांनी माझ्याकडे दिला. म्हणाल्या, “भाऊजी, कपाटाखाली ह्यो एक ऱ्हायला हुता. आमी काय करू ठिवून. तुमचा हाय.”

मी म्हणालो, “पानी तरी घ्या.”

“नको.”

“महेंद्र जेवतो का?”

“त्यांनाच इच्चारा की येऊन. घर काय लांब न्हाई.” एवढे बोलून त्या गेल्या.

माझी पत्नी चांगुणा आत ऐकत होती. तिने फडताळातून साचा काढला. म्हणाली, “खोबनीत कथील चिकाटलंय. चिंच लावून घासू का?” मी नको म्हणालो. ती म्हणाली, “चंपाषष्ठी दोन आठवड्यांवर आली. कोन न्हेईल मंग आपल्याकडचा घोडा?” तिने साचा न घासता परत ठेवला.

आज सकाळी आठ वाजता मी प्रथम गहिनीनाथ यांच्या घरी गेलो व घोडे मी ओतले, भंडारा मी लावला, मास्तरांना काही माहीत नव्हते, असे सांगितले. ते म्हणाले, “तू गप ऱ्हा. तुजं नाव कुठंच न्हाई. मास्तराचं मास्तर बघंल.” मी म्हणालो, “तुमच्या देव्हाऱ्यातला त्याच साच्याचा हाय. ठिवायचा का न्हाई ते तुमी बघा.” ते म्हणाले, “येडा झाला का काय तू?” तेथून मी नऊची एसटी धरून इकडे आलो.

झालेली चूक मी देवाला सांगितली आहे. ती इथे येऊन सांगायची राहिली होती. वडिलांचा साचा, खोबणीत चिकटलेल्या कथलासह, तसेच जयमाला वहिनींनी दिलेला घोडा, असे दोन्ही मी आज ठाण्यात जमा केले आहेत. साचा पिवळ्या फडक्यात बांधलेला आहे. दोन्हींच्या डाव्या खुराची जागा ताडून पाहावी.

वरील मजकूर मला वाचून दाखवण्यात आला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. फक्त सोमवारच्या हकिकतीत लिहिणाऱ्यांनी ‘गर्दीमुळे मला बोलता आले नाही’ असे लिहिले होते. ते खोडून, ‘त्या वेळी मी काही बोललो नाही’ असे करण्यास मी सांगितले. खाडाखोड केलेल्या जागी माझी सही आहे, व ही दुसरी शेवटी केली.

सही
कारभारी सखाराम ओतारी