टाकीपर्यंतचा अर्ध्या तासाचा रस्ता

...हसा, हसा! सगळी आळी हसतेय, तुम्ही तरी का मागे राहता? त्या न्हाव्यानं तर परवा गालाला साबण लावून ठेवला आणि मग विचारतो, "काय गवंडीबाबा, पोचलात का टाकीला?" तोंडात फेस, बोलणार काय मी? अहो, अर्ध्या तासाचा रस्ता आहे तो! घरामागून निघायचं, शेतातल्या पायवाटेनं सरळ जायचं, टेकडीखालच्या पाण्याच्या टाकीला हात लावायचा आणि परत. जाऊन-येऊन अर्धा तास! चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय मी, ती टाकी या हातांनी बांधलीय, डोक्यावर सिमेंटची गोणी असायची तरी त्याच्या वर मिनिट लागलं नाही कधी!

पण तुम्हाला सांगतो, माणूस म्हातारा झाला की घरच्यांचा पहिला संशय त्याच्या पायांवर. मागे एकदा, एकदाच, बांधावरून घसरलो, गुडघा धरून तासभर बसलो, आणि त्या दूधवाल्यानं मला कॅनच्या जागी कॅरिअरवर टाकून घरी पोचवलं. झालं! सूनबाईंचा हुकूम सुटला, "बाबा, आता एकट्यानं फिरायला जायचं नाही." आणि आमचे चिरंजीव? ते मान हलवायला बसलेलेच! महिनाभर अंगणात फेऱ्या मारल्या मी. घाण्याचा बैल बरा, त्याच्या फेऱ्यांतून तेल तरी निघतं!

शेवटी एकदा भरल्या ताटावर अडून बसलो. तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "बरं. रविवारी पोरांना घेऊन टाकीपर्यंत जा. नऊला निघा, साडेनऊला दारात दिसा. दिसलात तर सोमवारपासून खुशाल एकटे हिंडा." मी म्हणालो, हात्तिच्या! दोन चिमुरडी आणि अर्ध्या तासाचा रस्ता!

तुम्ही कधी लहान पोरं घेऊन रानात चाललायत? नाही ना? मग गप बसा.

थोरली नात सहा वर्षांची, तिला मी वकिलीणबाई म्हणतो. धाकटं साडेतीन वर्षांचं, त्याला चालता येतं, पण पुढे जाता येत नाही. फाटकापासून दहा पावलं गेलो नाही तोच वकिलीणबाई आडव्या. "आजोबा, थांबा! मुंग्या जातायत."

"जाऊ देत की."

"मग आपण नको थांबायला? त्या आधी आल्यात."

थांबलो! मुंग्यांनी कुठल्याशा चतुराचा अख्खा पंख उचललेला, शिडासारखा उभा, आणि वारा आला की पंखासकट सगळ्या मुंग्या कलंडायच्या, परत उठायच्या... तसं बघण्यासारखं होतं म्हणा. पण बघत बसायला निघालो होतो का मी? पुढे एक गोगलगाय भेटली. खोटं सांगत नाही, ती आमच्या पुढे निघून गेली! आणि धाकट्याचं तर दर पावलाला एक, "आजोबा, हा दगड घ्या ना. फक्त एकच!" एकच म्हणत म्हणत माझे दोन्ही खिसे भरले, विजार चालली खाली, एका हातानं विजार धरू की दुसऱ्या हातानं पोर? शेवटी वकिलीणबाईंनी वेणीची रिबीन सोडली आणि माझ्या कमरेला बांधली. गुलाबी! या वयात!

तरी ओढ्यापाशी पोचलो तेव्हा नऊ वीस. टाकी समोर, हाक मारली तर ओ देईल. ओढा तो काय, घोटाभर पाणी. मी म्हणालो, चला, उचलून नेतो. तर नाही! "आम्ही पूल बांधणार." बांधा, म्हटलं, पाच मिनिटं; येताना दोघांना काखोटीला मारून पळत सुटतो. आणि बसलो काठावर.

तिथं माझा घात झाला. त्या पोरीनं काय करावं? दगडाशेजारी दगड ठेवला, ठीक. वरच्या थरात मात्र बरोब्बर सांध्यावर सांधा! खाली फट, तिच्यावर दुसरी फट! अहो, भिंत उभी चिरत जाते अशानं! मी मान फिरवली. देवाशप्पथ फिरवली! पण कानाला कळत होतं, दगड डुगडुगतोय... डुग, डुग... चाळीस वर्षांची खोड, कुठं जाते? उठलो आणि म्हणालो, "सरक गं, फक्त एकच दगड दाखवतो."

मग काय झालं मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की खालचे सगळे उपसून पाया पहिल्यापासून घातला, मध्ये पाण्याला वाट ठेवली, खिशातले दगड फटींत कपच्या म्हणून असे बसले, असे बसले, की जणू धाकट्यानं माप घेऊनच वेचले होते! आणि अंगावर सावली आली. मला वाटलं ढग. ढग कसला! छत्री घेऊन सूनबाई! मी ओढ्यात गुडघ्यांवर, कमरेला रिबीन, आणि पोरं झाडाखाली माझे बूट राखत बिस्किटं खातायत.

"साडेबारा वाजलेत, बाबा."

मी म्हणालो, "ही पोरं चालतच नाहीत!"

तशा वकिलीणबाई उभ्या राहिल्या. "आई, मी दोनदा म्हटलं, आजोबा चला, उशीर होतोय. ते म्हणाले, फक्त एकच दगड!"

धाकटं म्हणतं, "खूप वेळा म्हणाले."

सूनबाईंनी पदर खोचला. चप्पल काढली, पुलावरून पलीकडे गेल्या, परत आल्या, मध्ये थांबून एकदा उडीसुद्धा मारली. "हलत नाही हो!"

"हलेल कसा?"

वाटलं, सुटलो! तर पोरांकडे वळून म्हणतात, "उद्यापासून यांना एकटं सोडायचं नाही. शाळेच्या आधी तुम्ही दोघांनी रोज बरोबर जायचं. आणि लक्ष ठेवायचं!"

तेव्हापासून रोज पहाटे धाकटं माझं बोट धरतं, वकिलीणबाई पुढे, आणि माझी वरात पुलापर्यंत. त्या पुलाला आता कठडा पाहिजे म्हणतायत दोघं. आणि टाकी? आहे म्हणे अजून तिथंच. अर्ध्या तासाचा तर रस्ता... पोरं जरा मोठी झाली की नेतील मला.