सावनीचा फॉर्म

अनिका : हसायचं नाही हं बाबा, मैत्रिणींनी डेअर दिलंय. आपण मराठी लोकांनी निम्मं जग का नाही जिंकलं?

बाबा : तंजावरपर्यंत गेलो होतो की. तिथं काही घरांत अजून मराठी बोलतात.

अनिका : तंजावर. आणि दानिएलाची स्पॅनिश मेक्सिकोपासून चिलीपर्यंत चालते.

आई : दानिएला म्हणजे तुझ्या व्हॉलीबॉल टीममधली? ग्वाटेमालाची?

अनिका : तीच. बस ड्रायव्हरशी गप्पा, कॅफेटेरियातल्या बाईंशी जोक्स. मी मराठीत बोलले तर इथं अमेरिकेत, अख्ख्या हर्नडन गावात कळतं कुणाला? रुचा मावशीला. जळते मी दानिएलावर, खरंच.

बाबा : अगं, पण स्पॅनिश पसरली कशी ते बघ. स्पेनचे लोक जहाजं घेऊन गेले, जमिनी बळकावल्या, लोकांना राबवलं, देवसुद्धा बदलायला लावले.

अनिका : माहितीये. तरी मी तिला म्हणाले, तू लकी आहेस. तर म्हणते, माझ्या आजीची भाषा किचे, तिथल्या मूळच्या माया लोकांची. शाळेत ती बोलली की छडी. म्हणून आजीनं ती मुलांना शिकवलीच नाही. आता आजी फोनवर बहिणीशी किचेत बोलते, आणि दानिएला शेजारी बसून नुसती ऐकते.

आई : बिचारी.

अनिका : पुढे म्हणाली, तू तुझ्या आजीशी फोनवर मराठीत भांडतेस ना, तेव्हा मी जळते. आई, मला इतकं भारी वाटलं. वाईट आहे ना हे?

आई : थोडंसं.

अनिका : मग मी फुशारकी मारली, आम्हाला कुणी छडी नाही मारली. आणि घरी येते तर टेबलावर आपल्या छोट्या सावनीचा किंडरगार्टनचा फॉर्म. घरी कोणती भाषा बोलता? तुझ्या अक्षरात, इंग्लिश.

आई : मराठी लिहिलं की इंग्लिशची टेस्ट घेतात गं. नाही जमली तर पोरांना वेगळं बसवतात. आपल्यातले सगळे असंच लिहितात. तुझ्या वेळीही लिहिलं होतं.

अनिका : माझ्याही?

बाबा : साधा फॉर्म आहे तो, अनिका.

अनिका : भाषा सोडायला दानिएलाच्या घरी छडी लागली, बाबा. आपल्याला साधा फॉर्म पुरला.

(आई बाबांकडे बघते.)

बाबा : आण बरं तो इकडे.

अनिका : मी खोडून मराठी लिहिलंय. टेस्टची तयारी मी करून घेणार सावनीकडून. सही तेवढी तुम्ही करा.