बाबलीच्या शिवणयंत्राचा कौल

तळेऱ्याच्या नाक्यावर देवगडची एस.टी. यायची होती. थांब्याच्या मागच्या बाकावर मिठबावचे दोघे, बाबली आणि त्याचा दोस्त धाकू, बोलत होते.

"बाबल्या, दिवाळेक कपडे शिवचा दुकान काढलंस, आणि आज हंय खंय?"

"देवळात कौल लावूक गेल्लंय, धाकू. दुकान चालवचा की मशीन इकचा, ता इचारूक."

"आपल्या गावच्या देवान उजवो कौल दिल्लो मा, चालव म्हणान?"

"दिल्लो. पण म्हटलंय, आपलोच देव, भिडेखातर दिल्लो आसतलो."

"मगे?"

"मगे परगावच्या देवाक इचारलंय. थंय डावो. तिसऱ्या देवळात उजवो. आज परत डावो."

"म्हणजे दोन-दोन झाले. आणि दुकान उघडतंस कधी?"

"येळ खंय गावता? आणि उघडून तरी काय? लोक म्हणतत, बाबली कधी जाग्यार नसता."

"मगे आज बंदच?"

"नाय. सुगंधा बसली आसा. शाळेतल्या पोरांचे चाळीस सदरे इलेत, ते शिवता."

"तुझ्या बायलेक इचारलंस, चालवचा की इकचा?"

"इचारलंय. मान वर न करताच म्हणाली, बटणां लावूक बसा."

"मगे बसलंस?"

"बसतलंय रे. पण म्हटलंय, आधी देवाक इचारून येवया."